डाव्या डोळ्याचं माप

१२ जानेवारी, रविवार

चित्रकलेच्या क्लासमध्ये सरांनी आज माझं संत्रं पुसून टाकलं. तळहाताने, एका फटक्यात! तीन दिवस खपून केलेलं पेस्टल. वर म्हणतात, "छान झालं होतं, म्हणूनच पुसलं. छान झालं की माणूस तिथेच बसकण मारतो."

राग आला नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांचं हेच केलं. तिथे मला 'कात्री' म्हणायचे. तोंडावर नाही, पण कानावर यायचं. आता कात्रीला कात्री भेटली, एवढंच. दुपारपर्यंत दुसरं संत्रं काढलं. पहिल्यापेक्षा बरं जमलं. सांगितलं नाही कुणाला, नाहीतर तेही जायचं.

घरी आले तर ताईचा फोन. भाच्याने तिकीट काढलं. अठरा एप्रिल. घर बंद करायचं आणि मुलाकडे परदेशी जायचं, कायमचं. "रडणार असलीस तर फोन ठेवते," म्हणाली. नाही रडले. मनात एकच आलं, माझ्याकडे ताईचा एकही धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती डोळे तरी मिटते, नाहीतर तोंड तरी वाकडं करते. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि शाळेच्या एकतीस फोटोंत एकतीस वेळा डोळे मिटलेले!

तिचं चित्र काढायचं. आधी पेस्टल, हात बसला की तैलरंगात. समोर बसवून. अठरा एप्रिलच्या आत.

निवृत्तीनंतरची पहिली डेडलाइन. बरं वाटलं.


१५ जानेवारी

ताई तयार. अट एकच: "नाक लहान काढायचं." मी नाही म्हणाले. "मग दोन तासांच्या वर बसणार नाही." सौदा मान्य.


१९ जानेवारी, रविवार

सकाळी दहाला ताईकडे. निम्मं घर खोक्यांत गेलंय. खिडकीशी खुर्ची ठेवली, राखाडी कागद लावला. सरांचा क्रम पाठ आहे: आधी गडद, मग मधलं, उजेड सगळ्यांत शेवटी. आणि बोटाने घासायचं नाही. "घासलं की कातडीचं रबर होतं. रंग ठेवा आणि हात काढून घ्या."

सर सांगतात माप लांबून घ्या, हात ताठ करून, विणायच्या सुईवर अंगठा सरकवून. घेतलं. पण माझं समाधान होईना. जवळ जाऊन ताईच्या गालाला पारदर्शक पट्टीच लावली. पट्टीही तिचीच, शाळेतली, तीस सेंटीमीटरची. "अगं, चेहरा काढतेस का प्लॉट मोजतेस?" दोन्ही डोळे उघडे दहा-दहा मिलिमीटर. वहीत लिहिलं, वर तारीख आणि वेळ. डेस्कची सवय. वेळ नसलेला कागद माझ्या दृष्टीने रद्दी.

ताई बसली की बोलते. शाळा तपासायला आलेल्या साहेबाने फळ्यावर भागाकार चुकवला आणि तिने सगळ्या वर्गासमोर त्याला परत करायला लावला, ती गोष्ट आज विसाव्यांदा ऐकली. शेवटी "शून्य उरलं साहेब, तुमच्यासारखंच!" हे दरवेळी नवीन असल्यासारखं सांगते. मीही दरवेळी हसते.


२ फेब्रुवारी, रविवार

पेस्टल पुरं! क्लासमध्ये भिंतीशी उभं केलं. सरांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुढे जाऊन बघितलं. मी त्यांच्या तळहातावर नजर ठेवून. हात खिशातच राहिला. "ठीक."

सरांच्या तोंडून 'ठीक' म्हणजे इतरांच्या तोंडून वाहवा. शिंपीकाका, क्लासमध्ये निवृत्त नसलेले तेवढे एकटेच, कानाशी येऊन म्हणाले, "मला दीड वर्ष लागलं 'ठीक'ला. तुम्ही काय सरांना जेवायला घातलंत?"

खरंच ताई आहे. नाकासकट.


५ फेब्रुवारी

तैलरंगाचे नियम सरांनी आज बोटांवर मोजून दिले. आधी 'उंबर' नावाच्या मातकट तपकिरी रंगाचा पातळ थर, नुसता टर्पेंटाइनमध्ये. त्यातच सगळा चेहरा उभा करायचा, उजेड चिंधीने पुसून काढायचा. तो वाळला की पुढचा, थोडं जवसाचं तेल घालून. मग आणखी थोडं जास्त. पातळावर जाड चालतं, जाडावर पातळ चालत नाही. वरचं आधी वाळतं, खालचं नंतर हलतं, आणि चित्राला तडे जातात.

मी वेळापत्रक केलं. अठरा एप्रिलपासून उलटं मोजत आले. पाच थर, प्रत्येकाला वाळायला आठवडा-दीड आठवडा, शेवटी दोन आठवडे हातचे. बसतं आरामात. सरांनी कागद वाचला, घडी करून परत दिला. "तेलाला घड्याळ दाखवू नका, बाई. ते वाचत नाही."

वाचेल. भल्याभल्या लेखकांना वाचायला लावलंय.


११ फेब्रुवारी, मंगळवार

तैलरंगाची पहिली बैठक. ओला कॅनव्हास इकडे-तिकडे नेता येत नाही, म्हणून ताईच क्लासमध्ये येणार. मंगळवारी नाहीतर गुरुवारी, दुपारी चारनंतर, खोली रिकामी असते तेव्हा. सर दुपारी नसतात, किल्ली मला दिलीय. रविवारी सकाळी इतरांबरोबरही एखादी बैठक होईल.

ताई दोन जिने चढून आली ती धापा टाकतच. "खोकी भरून भरून कंबर गेली." खुर्चीत बसवलं. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली, तिच्यावर उभं राहूनच बघायचं, दरवेळी तिथूनच. उंबरचा थर तासाभरात उभा राहिला. हात चालतोय. चिंधीने कपाळावरचा उजेड पुसून काढला तेव्हा ताई कॅनव्हासमधून वर आली. मजा!

सुरुवातीलाच, सव्वाचारला, माप घेतलं होतं. उजवा डोळा दहा, डावा सात. लिहिलं आणि तसंच काढलं.


१६ फेब्रुवारी, रविवार

सर कॅनव्हाससमोर. "सगळं जागच्या जागी आहे. डावी पापणी तेवढी झोपलीय."

ताई समोरच बसलेली. साडेदहाची वेळ. बघितलं, खरंच की! डोळा टक्क उघडा. पट्टी लावली: दहा, दहा. मंगळवारी माझंच मोजायचं चुकलं. मोजायचं! मी! एका बातमीत दोन ठिकाणी दोन वयं पडली तर झोपेतसुद्धा सापडायची मला.

पापणी वर केली. शिंपीकाका ताईला म्हणाले, "तुमच्या चेहऱ्याला अस्तर लावतायत, अजून कापड यायचंय." ताई म्हणाली, "कापड जुनं आहे, बेताने ओढा म्हणावं." दोघांचं चांगलं जमलंय.


२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी साडेचार. उजवा दहा, डावा सात. परत! ताई पेंगत होती बहुतेक. "झोपलीस का?" तर म्हणाली, "डोळे उघडे आहेत, तुला काय झोप दिसतेय?"

सरांचं वाक्य आठवलं: "ताई विसरा, आकार बघा. नाव माहीत असलेली गोष्ट माणूस बघत नाही, आठवतो." म्हणून आठवणीला बाजूला ठेवलं आणि जे दिसलं ते काढलं. पापणी खाली.


२ मार्च, रविवार

सकाळ. पापणी वर. कातडीच्या रंगाचा पहिला थर सुंदर लागला, गालावर किंचित हिरवा. सर म्हणाले, "हिरवा टाकायला धीर लागतो." धीर आहे. पापणीलाच तेवढा नाही.


६ मार्च, गुरुवार

दुपार. पापणी खाली. मी चौतीस वर्षांत एक वाक्य इतक्या वेळा बदललं नसेल.

ताईने सोबत डबा आणला होता. चार घास खाऊन बंद केला. "चावून चावून जबडा दुखला." मी म्हटलं दात दाखव. "तिकडे जाऊन मुलाच्या खर्चाने दाखवीन."


९ मार्च

जवसाचं तेल संपलं. नवी बाटली आणली. थर वाळतोय. वेळापत्रकाच्या दोन दिवस पुढे!


१६ मार्च, रविवार

सकाळी दहा-दहा. तिसऱ्यांदा पापणी वर केली. सर मागे येऊन उभे राहिले, पापणीकडे बघितलं आणि पुढच्या चित्राकडे गेले.

चित्र मात्र होतंय. आज ओठ जमले. ताईचे ओठ म्हणजे उत्तर माहीत असून समोरच्याला संधी देणारे. ते आले. केस आले. शाळेत जाताना घालायची ती निळी कॉलर आली. आई गेल्यावर माझ्या दोन वेण्या ताईने याच हातांनी घातल्या, म्हणून हातही घ्यावेत असा मोह झाला. सरांनी लगाम घातला. "चेहऱ्याचं काम चेहऱ्यालाच करू द्या."

दुपारी तिच्याकडे खोकी भरायला गेले. चारला निघताना ताईने पाठ केली. "पिन लाव गं केसांना. हात वर धरून धरून भरून येतात." लावली. वेणीचं कर्ज फिटलं का, विचारलं. "व्याज राहिलंय," म्हणाली.


२० मार्च, गुरुवार

आज वाजलं आमचं.

पाच वाजत आले होते. ताई साहेबाच्या भागाकाराची गोष्ट सांगत होती. आवाज सर्दी झाल्यासारखा नाकातून येत होता. 'शून्य उरलं'च्या आधीच थांबली. मला वाटलं, मी हसावं म्हणून वाट बघतेय. मी पिवळ्या पट्टीवर, सुई डोळ्यासमोर. म्हटलं, "हलू नकोस ना! डावी पापणी पुन्हा खाली आलीय."

"महिनाभर पापणी, पापणी! तू माझ्याकडे बघतेस कुठे? सुईकडे बघतेस."

"सुईतून तुझ्याकडेच बघतेय."

"मग काय दिसतंय सांग."

"उजवा दहा, डावा सात," मी म्हणाले.

ताई हसली नाही. एक डोळा मिटून भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली आणि उठली. दारात म्हणाली, "दमलेय मी, छोटे. घर आवरून कुणी दमत नाही का?" जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरला होता. मी तिची पिशवी घेऊन मागून गेले. रिक्षात बसल्यावर बोलली: "नाक तरी लहान केलंस का?" म्हणजे भांडण मिटलं.

परत वर येऊन ठरवलं: आता दुपारच्या डोळ्याला हात लावायचा नाही. पेस्टल साक्षीला आहे. सकाळची मापं साक्षीला आहेत. दोन साक्षीदार एक सांगतात आणि तिसरा वेगळं, तर चूक तिसऱ्याची. दुपारचा माझा हातच चुकतो. उजेड तिरपा येतो, तीही पेंगते, मीही थकते. डेस्कवरही शेवटच्या पानावरच चुका राहायच्या. विषय संपला. बातमी छापायला गेली.


२३ मार्च, रविवार

ताई आली नाही. फोनवर म्हणाली खोक्यांचा माणूस येणार आहे. शिंपीकाका दोनदा दाराकडे बघून तिसऱ्यांदा म्हणाले, "आज कापड आलं नाही?"

तिच्यावाचून कॉलर आणि मागची भिंत संपवली. कॉलरची शिवण काकांनी तपासली. पास!


३० मार्च, रविवार

झालं!

शेवटचा थर, तेल सगळ्यांत जास्त. सकाळी ताई तासभर बसली. मी फक्त उजेड ठेवत गेले: नाकाच्या शेंड्यावर एक, खालच्या ओठावर एक, आणि दोन्ही डोळ्यांत एकेक ठिपका, अगदी सारखे. ब्रश खाली ठेवला. अठरा एप्रिलला एकोणीस दिवस बाकी. तेलाने घड्याळ वाचलं!

ताई चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "अशी दिसते मी? चांगली आहे की गं ही बाई. नाक मोठं आहे, पण हुशार दिसते."

आजचा दिवस मी जपून ठेवणार आहे.


१ एप्रिल, मंगळवार

सरांना मुद्दाम दुपारी बोलावलं. घाईत नको होतं. चित्र खिडकीशी, पेस्टल शेजारी.

पंधरा मिनिटं बघत होते. "रंग ठीक. ओठ..." थांबले. "ओठ फार ठीक." आयुष्यात 'फार' पहिल्यांदा ऐकला असेल या खोलीने. मग म्हणाले, "पण हा डावा डोळा या चेहऱ्याचा नाही. पेस्टलमधला आहे. बाकी चेहरा साडेचारचा, डोळा तेवढा सकाळचा."

मला खरंच राग आला. म्हटलं, सर, कारण आहे. वही काढून समोर आपटली. बघा, दुपारी माझं माप हटकून चुकतं, भरवसा कसा ठेवू?

त्यांनी चष्मा लावला. पेन्सिल घेतली. माझी पानं उलटत गेले, सकाळच्या आकड्यांना गोल, दुपारच्या आकड्यांना चौकोन. खाली सुताराची करवत चालू होती, ती बंद झाली.

"सगळ्या गोलांत दहा-दहा. सगळ्या चौकोनांत दहा-सात," ते म्हणाले. "चुकणारा हात एकदा सहा लिहितो, एकदा नऊ. दरवेळी तीच चूक कशी होईल? बाई, तुमचं माप एकदाही चुकलेलं नाही."

"मग डोळा एकाच दिवसात दोन तऱ्हेचा कसा असेल?"

"मला काय विचारता? दुपारी मी इथे नसतो. तुम्ही होतात."

मी पिवळ्या पट्टीवर जाऊन उभी राहिले. का, माहीत नाही. समोर रिकामी खुर्ची. आणि मग एकेक आठवायला लागलं, पाठोपाठ: बंद केलेला डबा. भरून येणारे हात. एक डोळा मिटून घड्याळ. नाकातला आवाज. भागाकार अर्ध्यावर टाकणारी माझी ताई! तिने कधी अर्ध्यावर भागाकार टाकलाय?

सगळं दुपारचं. एकही गोष्ट सकाळची नाही.

तिला फोन केला. "काय गं, एप्रिल फूल करतेस का?" आवाज नाकातूनच. घड्याळात पावणेपाच.


३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांकडे वेळ मुद्दाम दुपारची घेतली. ताई वाटेत सांगत होती, वय झालं की असं व्हायचंच. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि डोकं न हलवता छताकडे बघायला सांगितलं, एक मिनिट. "बस, एवढंच?" ताई म्हणाली. विसाव्या सेकंदाला डावी पापणी हळूहळू खाली यायला लागली. कुणीही हात न लावता. तिसाव्याला सातवर. पुढे त्याहून खाली. मी तीनदा पुसून वर केलेली तीच पापणी.

डॉक्टर म्हणाले, स्नायू वापरला की दमतो, विसावा मिळाला की परत येतो, असा आजार असावा. रक्त तपासू. औषध आहे, चांगलं आहे. वेळेत आलात. घास गिळायला नाहीतर श्वासाला अडचण व्हायला लागली असती, तर ते विमानात नको होतं. अठराचं तिकीट रद्द करा.

मग कागद पुढे ओढून त्यांनी ताईला विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"काय माहीत," ताई म्हणाली. "कोण लक्ष देतं."

मी वही उघडली.

"अकरा फेब्रुवारी," म्हणाले. "दुपारी सव्वाचार."